घर पाहावं

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही चौदा महिने नुसतंच पाहतोय.
शनिवारी सकाळी डिअर्मुड बुटांना पॉलिश करतो,
एजंट आधी बूट बघतात असं त्याचं मत.
मला वाटतं, त्या फक्त घड्याळ बघतात.

कॉर्कच्या उत्तरेकडच्या चढावर, लाँड्रीच्या डोक्यावर
आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. हिवाळ्यात त्यातली एक बंद.
दाराच्या फटीत निळा टॉवेल, गुंडाळी करून,
तिकडची थंडी तिकडेच राहावी म्हणून.
किटली दिवसातून दोनदा, उरलेलं पाणी थर्मासमध्ये.
चहाची पिशवी दोघांत एक: आधी माझ्या कपात,
नंतर त्याच्या कपात जे उतरतं
त्याला तो ली नदी म्हणतो.

वहीत लिहिलंय: ऑक्टोबर, केस घरीच कापले, वाचले अठरा युरो.
त्याच्या डाव्या कानामागे अजून एक पायरी दिसते.

अंथरूण पाहून पाय पसरावे.
आम्ही तर पसरतच नाही. मोजे घालून
गुडघे पोटाशी घेऊन झोपतो,
आणि सकाळी कळतं, रात्रीतून अंथरूणच आटलं,
त्या गल्लीतलं ते घर गेलं
आमच्या आकड्यावर एकवीस हजार ठेवून.

नोव्हेंबरात मला एक गोष्ट कळली, मी त्याला सांगितली नाही.
त्यालाही कळली होती, त्यानंही नाही सांगितली.
विकायच्या घरात हीटिंग चालू असतं.

मग आम्ही न परवडणारी घरंही पाहू लागलो.
बिशपटाउनला एक, फरशीखालून तापणारं.
तिथं बूट बाहेर काढायला लावतात (पॉलिश वाया).
स्वयंपाकघरात मोज्यांवर इतका वेळ उभे राहिलो
की ओर्लानं, एजंटनं, विचारलं, काही शंका?
डिअर्मुड म्हणाला, भार घेणारी भिंत कुठली?
बिचारीनं एकेक भिंत दाखवली.
वीस मिनिटं. माझ्या बोटांत रक्त परत आलं.

काल मेफील्डला. आमच्या आवाक्यातलं,
म्हणजे आवाक्याहून नऊ हजारांनी वर.
अशा वेळी मालकानं घरात थांबायचं नसतं, हे थांबले होते.
मिस्टर टूमी. ब्याऐंशी वय, त्यातली चाळीस बंदरावरच्या क्रेनमध्ये.
कोट घालून बसलेले, बस यायची असावी तसे.
मी सवयीनं दोन्ही तळवे रेडिएटरवर टेकले
आणि ते हसले.
घ्या शेकून, म्हणाले, बाराला बंद करणार आहे.
ओर्ला सांगते, माणसं यायच्या आधी तासभर लावा.
पंपावरून वीस लिटरचा कॅन आणला काल.
तुमच्यासाठीच.

ओर्ला बाहेर फोनवर होती.
त्यांनी आम्हाला मागची खोली दाखवली,
जाहिरातीतल्या फोटोंत नसलेली.
एक कॉट, एक विजेची शेगडी, दोन पट्ट्यांपैकी एकच लागणारी.
थर्मास.
दाराशी गुंडाळलेला टॉवेल.
त्यांचा हिरवा आहे.

विकून कुठं जाणार, मी विचारलं.
मुलीकडे, लिमरिकला. तिच्याकडे म्हणे
सगळ्या खोल्या वापरतात.

बाराला ते उठले, बटण फिरवलं.
पाइप गार होताना टिकटिकत राहिले.
जायला हवं होतं, पण त्यांनी कप मांडले,
तीन कप, आणि पिशवी एक,
आणि डिअर्मुडनं आपला कप शेवटी सरकवला.

रात्री वहीत लिहिलं: शनिवार, चहा, खर्च शून्य.
मग शून्य खोडलं.

उद्या बोली द्यायची.
किती कमी सांगायचं, हे आम्ही
अजून एकमेकांना विचारलेलं नाही.
डिअर्मुड बूट पुसतोय.
आज रविवार आहे, आज कुठंच जायचं नाही.